प्रवाळबेटांचे कोडे

उष्ण कटिबंधातील महासागरांत काही विलक्षण बेटे आढळतात. सभोवार अथांग निळे पाणी, त्यात एखाद्या प्रचंड बांगडीसारखी वर्तुळाकार सखल जमीन, तिच्यावर नारळीची दाट झाडी आणि बांगडीच्या आत आरशासारखे शांत, हिरवट पाण्याचे सरोवर! बाहेरच्या बाजूस महासागराच्या लाटा अहोरात्र धडका देत असतात. परंतु ती चिंचोळी जमीन काही ढळत नाही. या बेटांना कंकणद्वीपे असे म्हणतात. आपल्या भारताची लक्षद्वीप बेटे ही अशीच कंकणद्वीपे होत.

ही बेटे बांधणारे कारागीर मोठे नवलाचे आहेत. ते आहेत पोवळ्याचे, म्हणजेच प्रवाळाचे चिमुकले जीव. दागिन्यांत जडवितात ते लाल पोवळे ज्या प्राण्यापासून मिळते, त्याचेच हे दूरचे भाऊबंद. यांतील कित्येक जीव तांदळाच्या दाण्याहून फारसे मोठे नसतात. समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन प्रत्येक जीव आपल्याभोवती एक टणक वाटी तयार करतो. एका पिढीच्या वाट्यांवर दुसरी पिढी आपले घर बांधते, आणि अशा असंख्य पिढ्यांच्या श्रमांतून मैलोगणती लांबीच्या प्रवाळभित्ती उभ्या राहतात. परंतु भित्ती बांधणारी ही पोवळी केवळ उथळ, उबदार आणि उजेडाच्या पाण्यातच वाढतात. मग हजारो फूट खोल महासागराच्या मध्यभागी पहिल्या पोवळ्याने आपले घर उभे केले तरी कशावर? या कोड्याने भल्याभल्या पंडितांना चकविले होते. ते सोडविण्याचा मान एका अवघ्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या तरुणाला मिळाला. त्याचे नाव चार्ल्स डार्विन.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी या गावी झाला. त्याचे वडील नामांकित वैद्य होते. चार्ल्स आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली आणि थोरल्या बहिणींनी त्याचा सांभाळ केला. शाळेतील पाठांतरात त्याचे मन रमत नसे. शिंपले, खनिजे, नाणी, पक्ष्यांची अंडी, जे दिसेल ते गोळा करण्याचा त्याला विलक्षण छंद होता. मात्र बहिणीच्या शिकवणुकीमुळे घरट्यातून एकाहून अधिक अंडे तो कधी उचलत नसे. या छंदांचे वडिलांना कौतुक नव्हते. हा मुलगा शिकार आणि कुत्री यांच्या नादी लागून घराण्याच्या नावाला बट्टा लावणार, अशी त्यांना धास्ती वाटे.

आपल्यासारखाच मुलगाही वैद्य व्हावा, म्हणून वडिलांनी १८२५ साली त्याला एडिंबरो येथे पाठविले. त्या काळी भूल देण्याची विद्या अवगत नव्हती. रोग्यांच्या किंकाळ्या ऐकून कोवळ्या मनाचा डार्विन शस्त्रक्रियेच्या दालनातून बाहेर पळाला, तो पुन्हा तेथे गेला नाही. परंतु त्याच गावी समुद्रकिनाऱ्यावरील डबक्यांतून लहानसहान जलचर वेचण्यात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते न्याहाळण्यात त्याचे तासन्‌तास जाऊ लागले. पुढे धर्मोपदेशक होण्यासाठी तो केंब्रिजला गेला. तेथे त्याला भुंगेऱ्यांचे वेड लागले. एकदा दोन्ही मुठींत एकेक दुर्मीळ भुंगेरा असताना त्याला तिसरा दिसला. तो निसटू नये म्हणून पठ्ठ्याने उजव्या हातातील भुंगेरा चक्क तोंडात टाकला! भुंगेऱ्याने असा जळजळीत रस सोडला की त्याला तो थुंकून द्यावा लागला, आणि तिसराही हातचा गेला. केंब्रिजमधील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांनी मात्र या वेडामागील तीक्ष्ण निरीक्षणशक्ती ओळखली.

१८३१ साली इंग्लंडच्या आरमाराचे 'बीगल' नावाचे जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याची मोजणी करण्यास निघणार होते. त्याचे कप्तान फिट्झरॉय यांना निसर्गाची जाण असलेला एखादा सुशिक्षित सोबती हवा होता. हेन्स्लो यांनी डार्विनचे नाव सुचविले. वडिलांनी प्रथम साफ नकार दिला. परंतु चार्ल्सच्या मामांनी त्यांची समजूत घातली आणि अखेर परवानगी मिळाली. २७ डिसेंबर १८३१ रोजी बीगलने इंग्लंडचा किनारा सोडला, तेव्हा डार्विन बावीस वर्षांचा होता. जहाज जेमतेम नव्वद फूट लांबीचे होते. राहण्यास अपुरी जागा आणि त्यातच समुद्र लागण्याचा त्रास. तो त्रास पाच वर्षांच्या सफरीत कधीच पुरता थांबला नाही. तरीही डार्विनची टिपणवही रिकामी राहिली नाही.

सफरीत त्याच्याजवळ भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांचा ग्रंथ होता. पर्वत, दऱ्या, किनारे हे सारे एकाएकी घडत नाही, लहानसहान फेरफार दीर्घकाळ साचत गेले की पृथ्वीचे रूप पालटते, असे लायेल यांचे प्रतिपादन होते. डार्विनला ते मनोमन पटले. परंतु कंकणद्वीपांविषयी लायेल यांचा तर्क असा होता की, समुद्रात बुडालेल्या ज्वालामुखींच्या तोंडाच्या कडांवर पोवळी वाढतात, म्हणून ही बेटे गोल असतात. हे मत मात्र डार्विनच्या मनाला पटेना. काही कंकणद्वीपे कित्येक मैल रुंद आहेत. एवढ्या विस्ताराचे, आणि नेमके पृष्ठभागाच्या जवळ येऊन थांबलेले इतके ज्वालामुखी समुद्रात कोठून असणार?

उत्तराची पहिली खूण त्याला पोवळ्यांपासून फार दूर, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडली. २० फेब्रुवारी १८३५ रोजी चिली देशात मोठा भूकंप झाला. त्यानंतर किनारा काही फूट वर उचलला गेल्याचे दिसून आले. अँडीज पर्वतात तर समुद्रातील शिंपले उंच डोंगरांवर सापडत होते. डार्विनच्या मनात विचार आला, जमीन जर एके ठिकाणी हळूहळू वर येते, तर समुद्राचा तळ दुसरीकडे हळूहळू खाली जात नसेल कशावरून? बेट खचत गेले आणि त्याच्या कडेची पोवळी मात्र वर वर वाढत राहिली, तर काय होईल? खरी प्रवाळभित्ती डोळ्यांनी पाहण्यापूर्वीच त्याच्या मनात या कोड्याचा उलगडा आकारास आला होता.

परंतु केवळ मनात सुचले म्हणून ते खरे मानणारा डार्विन नव्हता. नोव्हेंबर १८३५ मध्ये बीगल ताहिती बेटाला पोचले. डार्विन तेथील एका उंच डोंगरावर चढला. समोर समुद्रात मोरेआ हे डोंगराळ बेट उभे होते, आणि त्याच्याभोवती, किनाऱ्यापासून काही अंतर राखून, फेसाळ लाटांची पांढरी रेघ पसरली होती. एखाद्या चित्राला चौकट असावी, तशी ती प्रवाळभित्ती बेटाभोवती शोभत होती. मधले बेट तेवढे पाण्यात बुडाले असते, तर मागे काय उरले असते? नुसती चौकट, म्हणजेच कंकणद्वीप!

पुढे एप्रिल १८३६ मध्ये हिंदी महासागरातील कीलिंग बेटांवर त्याला हा तर्क तपासण्याची संधी मिळाली. ओहोटीच्या वेळी भित्तीवर उतरून त्याने पोवळ्यांची पाहणी केली. कप्तान फिट्झरॉय यांनी दोराला शिशाचे जड वजन बांधून समुद्राची खोली मोजली. वजनाच्या बुडाला चरबी फासलेली असे. उथळ पाण्यातून वजन वर काढले की चरबीवर जिवंत पोवळ्यांचे ठसे उमटलेले दिसत. खोली वाढत गेली तसतसे ठसे विरळ होऊन नुसती वाळू चिकटून येऊ लागली. याचा अर्थ, जिवंत पोवळी वरच्या थोड्याच खोलीपर्यंत राहतात. बेटापासून मैलभरापेक्षा थोड्या अधिक अंतरावर तर ७२०० फूट लांबीचा दोर सोडूनही तळ लागला नाही. म्हणजे ते सखल बेट एका प्रचंड, पाण्यात बुडालेल्या पर्वताचे शिखर होते!

आता डार्विनच्या मनातील चित्र पूर्ण झाले. समुद्रातून ज्वालामुखीचे बेट वर येते. त्याच्या किनाऱ्याला लागून, उथळ पाण्यात, पोवळी भित्ती बांधू लागतात. पुढे लाखो वर्षे बेट हळूहळू खचत राहते, परंतु पोवळी उजेडासाठी वर वाढत राहतात. त्यामुळे बेट व भित्ती यांच्यामध्ये पाण्याचा पट्टा तयार होतो. शेवटी बेट पुरते बुडते आणि त्याच्या जागी सरोवर व सभोवती पोवळ्यांचे कडे एवढेच शिल्लक राहते. प्रवाळभित्तीचे जे तीन प्रकार लोक वेगवेगळे समजत होते, ते एकाच दीर्घ कथेचे तीन अध्याय ठरले.

२ ऑक्टोबर १८३६ रोजी डार्विन मायदेशी परतला. लवकरच त्याची लायेल यांच्याशी भेट झाली. आपल्या ग्रंथातील मत खोटे ठरविणाऱ्या या तरुणाचा त्यांना राग यावा, असे कोणालाही वाटले असते. परंतु सत्याची चाड असलेल्या त्या थोर पंडिताने आपले मत तत्काळ सोडून दिले आणि नव्या विचाराचे मोठ्या आनंदाने स्वागत केले. त्यांच्याच प्रोत्साहनाने मे १८३७ मध्ये डार्विनने हा सिद्धांत लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेपुढे मांडला. १८४२ साली प्रवाळभित्तींवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिंदी महासागरातील लक्षद्वीप व मालदीव या बेटांचाही विचार त्याने त्यात केला होता.

त्याच वर्षी तो पत्नी एमा हिच्यासह लंडनजवळील डाउन या खेड्यात राहण्यास गेला. एमा ही त्याच्या मामांचीच मुलगी. येथून पुढे आजारपणाने त्याची पाठ कधी सोडली नाही. दिवसातून थोडेच तास त्याला काम करता येई. १८५१ मध्ये त्याची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी मरण पावली; त्या दुःखाचा घाव जन्मभर भरून आला नाही. तरीही त्याचे काम खंडले नाही. खडकांना व जहाजांच्या बुडाला चिकटून राहणाऱ्या बार्नेकल या क्षुद्र प्राण्याच्या अभ्यासात त्याने आठ वर्षे घालविली.

१८५९ साली त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. एकाच जातीच्या जीवांत लहानलहान भेद असतात. भोवतालच्या परिस्थितीत जे भेद उपयोगी पडतात, ते असलेले जीव अधिक टिकतात व त्यांचीच संतती वाढते. असे पिढ्यान्‌पिढ्या घडत जाऊन नव्या जाती निर्माण होतात, असे त्याने दाखवून दिले. यालाच नैसर्गिक निवड असे म्हणतात. या ग्रंथाने साऱ्या जगात खळबळ उडाली. कोणी त्याची थट्टा केली, कोणी निंदा केली. डार्विन शांतपणे नवे पुरावे गोळा करीत राहिला.

प्रवाळबेटांच्या सिद्धांतालाही पुढे विरोधक भेटले. १८८० साली जॉन मरे या समुद्रशास्त्रज्ञाने असे प्रतिपादिले की, समुद्रतळ खचण्याची काहीच आवश्यकता नाही. सूक्ष्म जलचरांच्या कवचांचा गाळ साचून तळावरील टेकाडे उंचावतात आणि त्यांवर पोवळी वाढू लागतात. डार्विनने त्यावर आदळआपट केली नाही. एखाद्या श्रीमंत गृहस्थाने कंकणद्वीपावर खोल छिद्र पाडून आतील खडक वर काढावा, म्हणजे खरे काय ते कळेल, अशी इच्छा त्याने १८८१ साली एका शास्त्रज्ञास पत्रातून कळविली. त्याच वर्षी गांडुळांवरील त्याचा शेवटचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९ एप्रिल १८८२ रोजी डाउन येथे त्याचे देहावसान झाले. लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबे येथे त्याचे दफन करण्यात आले.

डार्विनने इच्छिलेली परीक्षा त्याच्या मृत्यूनंतर झाली. १८९६ ते १८९८ या काळात पॅसिफिक महासागरातील फुनाफुटी बेटावर अकराशे फुटांहून अधिक खोल छिद्र पाडले, तरी पोवळ्यांच्या चुनखडकाखालचा मूळ खडक लागला नाही. अखेर १९५२ साली एनिवेटॉक या कंकणद्वीपावर अमेरिकन शास्त्रज्ञांचे यंत्र सुमारे १४०० मीटर खोल गेले, तेव्हा ज्वालामुखीचा काळा खडक हाती आला! पोवळी थोड्याच खोलीपर्यंत जगतात. मग जवळजवळ दीड किलोमीटर जाडीचा त्यांचा थर कसा बनला? बेट खचत गेले आणि पोवळी वाढत गेली, हेच त्याचे उत्तर होते. एकशे दहा वर्षांनी डार्विनच्या ग्रंथाला पुराव्याची मोहोर मिळाली.

तथापि आणखी एक कोडे उरले होते. शास्त्रज्ञ त्याला डार्विनचेच नाव देतात. उष्ण समुद्राचे पाणी नितळ असते, कारण त्यात अन्नद्रव्ये अत्यल्प असतात. मग अशा नापीक पाण्यात प्रवाळभित्तीवरच जीवांची एवढी दाटी कशी? समुद्रतळाचा एक टक्काही न व्यापणाऱ्या या भित्तींच्या आश्रयाने सागरी जीवजातींपैकी सुमारे पाव हिस्सा जगतो! या रहस्याचा उलगडा डार्विनच्या काळी झालेला नव्हता. त्याचे उत्तर पोवळ्यांहूनही कितीतरी लहान अशा सूक्ष्मजीवांपाशी होते.

पोवळ्याच्या अंगात अतिसूक्ष्म शैवाले वस्ती करतात. ती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. पोवळे त्यांना आसरा देते आणि आपल्या अंगातील टाकाऊ द्रव्ये खत म्हणून पुरविते. शैवालांना प्रकाश हवा, म्हणूनच ही पोवळी उथळ पाण्यात राहतात. फिट्झरॉय यांच्या शिशावरील ठसे खोल पाण्यात नाहीसे का होत होते, याचे कारण हे असे नंतर कळले. याखेरीज पोवळ्यावरील बुळबुळीत थरात आणि त्याच्या अंगात असंख्य जीवाणू असतात. कोणी रोगजंतूंना अटकाव करतात, तर कोणी नायट्रोजनचे अन्नद्रव्यात रूपांतर करतात. एक पोवळे म्हणजे जणू नानाविध जीवांचे एक गावच होय.

आज या गावावर मोठे संकट आले आहे. कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे पृथ्वीचे हवामान तापत आहे आणि समुद्रही तापत आहे. पाण्याचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल मर्यादेहून केवळ एक अंश सेल्सिअसने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तरी शैवालांचे काम बिघडते. त्यांच्यापासून अपायकारक द्रव्ये निर्माण होऊ लागतात आणि पोवळे त्यांना अंगाबाहेर टाकते. रंग जाऊन ते पांढरेफटक पडते आणि उपाशी राहते. पाणी वेळीच निवले तर शैवाले परत येतात. नाही तर पोवळे मरते. १९९८ साली जगभर असे घडले, तेव्हा लक्षद्वीपच्या पोवळ्यांचीही मोठी हानी झाली. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग किल्ल्यानजीक मालवणच्या समुद्रात वाढणाऱ्या पोवळ्यांनाही तापत्या पाण्याची झळ बसते. २०२३ साली असे जागतिक संकट चौथ्यांदा सुरू झाले.

या संकटातही सूक्ष्मजीव पोवळ्यांच्या मदतीला येतात. सर्व शैवाले सारखी नसतात. काहींना उष्णता अधिक सोसते. काही पोवळी उष्णतेच्या तडाख्यानंतर अशा काटक शैवालांना अंगात अधिक थारा देतात आणि पूर्वीपेक्षा एक ते दीड अंश जास्त ताप सहन करू लागतात. मात्र त्यांची वाढ मंदावते, कारण हे शैवाल यजमानाला अन्न कमी देते. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी शैवाले सुमारे चार वर्षे ३१ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाढविली. जी तग धरत, त्यांचीच संतती पुढे वाढे. त्यांपैकी काही वाणांनी पोवळ्यांच्या पिलांना उष्णता सोसण्याचे बळ दिले, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या एका प्रयोगात ब्राझीलमधील संशोधकांनी पोवळ्यांना हितकर जीवाणू पुरविले, तेव्हा उष्णतेच्या आघातानंतर जगण्याचे प्रमाण ४० टक्क्यांनी वाढले. हा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. अर्थात हे प्रयोग अजून बहुतांशी प्रयोगशाळेतील टाक्यांत झालेले आहेत. सूक्ष्मजीवांच्या साहाय्यालाही सीमा आहे. ते पोवळ्यांना थोडा अवधी मिळवून देऊ शकतात. समुद्र तापवीत राहण्याचे थांबविणे, हे काम माणसालाच करावे लागेल.

लहान भेदांतून तगून राहणाऱ्यांची निवड होते, हा डार्विनचा सिद्धांत आज त्याच्या आवडत्या प्रवाळांच्या रक्षणाकामी उपयोगी पडत आहे. तरुणपणी पोवळी, मध्यम वयात बार्नेकल आणि उतारवयात गांडुळे, असे जगाने क्षुद्र मानलेले जीवच तो जन्मभर न्याहाळत राहिला. क्षुद्र जीवांच्या चिकाटीने पर्वताएवढी कामे उभी राहतात, हे त्याने जगाला दाखविले. परंतु लक्षावधी वर्षे सावकाश खचणाऱ्या बेटांशी बरोबरी करणाऱ्या या कारागिरांना झपाट्याने तापणाऱ्या समुद्राशी बरोबरी करणे जड जात आहे. त्यांच्या कामाचे मोल ओळखणे, हेच डार्विनचे खरे स्मरण होय.